एका शब्दाची अनेक रूपे

"लाइन चालू आहे." हे वाक्य टेलिफोन दुरुस्त होण्याची वाट पाहणाऱ्या माणसाने ऐकले, तर त्याला आनंद होतो. हेच वाक्य विजेच्या खांबाजवळ उभ्या असलेल्या कामगाराने ऐकले, तर तो शिडीवर पाऊलही ठेवत नाही. वाक्य एकच; पण एकाला ती आनंदाची बातमी, तर दुसऱ्याला धोक्याची सूचना!

'लाइन' हा इंग्रजी शब्द आपण रोज वापरतो. तो आला कोठून? लॅटिन भाषेत अळशीच्या रोपाला 'लिनम' म्हणतात. या रोपाच्या खोडापासून धागे काढतात. अशा धाग्याला 'लिनिया' म्हणत. त्यावरून 'लाइन' हा शब्द तयार झाला. 'लिनन' हे कापडाचे नावही त्याच कुळातले आहे. म्हणजे लाइन ही मुळात एक दोरी! गवंडी आजही दोरी ताणून विटांचा थर सरळ रचतो. ताणलेली दोरी सरळ रेघेसारखी दिसते. त्या रेघेवरून पुढे अनेक अर्थ निघाले.

भूमितीत लाइन म्हणजे रेषा, पुस्तकात ओळ आणि रेशनच्या दुकानासमोर रांग. मुंबईत 'हार्बर लाइन' म्हटले, की रेल्वेचा मार्ग समजावा. स्टेशनमास्तर मागच्या स्टेशनला 'लाइन क्लिअर' देतात, तेव्हाच तेथील गाडी पुढे निघते. क्रिकेटमध्ये लाइन म्हणजे चेंडूची दिशा. "दहावीनंतर कोणती लाइन घेणार?" असे कोणी विचारले, तर तो तुमच्या शिक्षणाविषयी विचारत असतो.

असे फक्त इंग्रजीतच घडते असे नाही. उर्दूत 'खत' म्हणजे रेषा, पत्र आणि हस्ताक्षरही. मराठीत मात्र शेतकरी पिकाला खत घालतो! "शेतात खत टाकले" याचा अर्थ शेतात पत्र टाकले, असा कोणी केला, तर सगळा वर्ग हसेल.

मग योग्य अर्थ कसा ओळखावा? शब्द एकटा पाहू नये. त्याच्या शेजारचे शब्द पाहावेत. कोण बोलतो, कोठे बोलतो आणि कोणाशी बोलतो, याचा विचार करावा. "तिसरी लाइन वाच" यात ओळ आहे. "लाइनीत उभा राहा" यात रांग आहे. एका भाषेतून दुसऱ्या भाषेत भाषांतर करताना ही काळजी फार उपयोगी पडते.

शहाणा वीज-कामगार नुसत्या 'लाइन' या शब्दावर विसंबत नाही. कोणती लाइन, चालू की बंद, हे तो आधी विचारतो, स्वतः तपासतो आणि मगच खांबावर चढतो. वाचताना आणि लिहिताना आपणही असेच वागावे. अर्थाची खात्री करावी आणि मगच पुढे जावे.