शीवफेरी आणि आपले बांध

उन्हाळ्यात अँग्लिकन मंडळीत एक जुनी प्रथा पाळली जाते. ईस्टरनंतरचा पाचवा रविवार व त्यापुढील तीन दिवस हे याचनेचे दिवस होत. गुरुवारी स्वर्गारोहणाचा सण येतो. सुमारे इ. स. ४७० मध्ये गॉल देशातील व्हिएन नगरीचे बिशप मामेर्टस यांनी संकटसमयी हे दिवस नेमिले.

इंग्लंडात या दिवसांत धर्मगुरू व ग्रामस्थ पिकांसाठी प्रार्थना करीत मंडळीच्या हद्दीची शीव फिरत. नकाशे दुर्मिळ होते. म्हणून सीमेचे दगड व झाडे मुलांना मुद्दाम दाखवीत, की वृद्धांमागे ती ओळख लोपू नये.

तिकडे तेव्हा शेते हिरवी असतात. आपल्या कोकणात राब भाजून झालेले असतात व सर्वांची दृष्टी मृगाकडे लागते. पनवेल-उरणच्या खाडीकाठी हेच बांधबंदिस्तीचे दिवस असत. भरतीचे खारे पाणी भातखाचरांत शिरू नये म्हणून गावकरी मिळून बांध भरीत. कारण एके ठिकाणी बांध फुटला की शेजाऱ्याचेही शेत नासे. प्रार्थना आणि श्रम यांची ही जोडी दोन्हीकडे सारखीच.

१९७० मध्ये सिडको स्थापन झाली व नवी मुंबईसाठी गव्हाण परिसरातील पुष्कळ शेतजमीन संपादित झाली. बांध गेले, तरी ते कोठे होते हे वडीलधाऱ्यांस ठाऊक आहे. मुलांनो, या सुट्टीत आजोबांबरोबर एकदा गावाची शीव फिरा आणि विचारून घ्या. पालकांनीही त्यांस सवड द्यावी. जे ओळखले जात नाही, ते राखलेही जात नाही.