विश्लेषण : यंत्रे लाखो रसायने तपासतात, तरी नवी प्रतिजैविके का मिळत नाहीत?

जुन्या औषधांना जिवाणू दाद देईनासे झाले आहेत. नवी प्रतिजैविके मात्र क्वचितच हाती लागतात. औषधशोधाचा पहिला टप्पा यंत्रांकडे सोपवूनही असे का?

चाळणी कशी चालते?
तळहाताएवढ्या प्लास्टिकच्या ताटलीत ३८४ किंवा १,५३६ खळगे असतात. यंत्राचा हात खळग्याखळग्यात वेगळे रसायन सोडतो. त्याने जिवाणूचे ठरावीक प्रथिन निकामी झाले का, हे बहुधा प्रकाशातील बदलावरून कळते. दिवसाला लाखभर रसायने तपासता येतात.

मग अडते कुठे?
ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने १९९५ ते २००१ या काळात प्रतिजैविकांसाठी अशा ७० मोहिमा राबवल्या. बहुतेक एकेका प्रथिनावर बेतलेल्या होत्या. पुढे नेण्याजोगे धागे मिळाले अवघे पाच. सुट्या प्रथिनाला रोखणारे रसायन जिवंत जिवाणूच्या आत शिरेलच असे नाही. शिरले, तरी जिवाणू ते बाहेर फेकू शकतो.

दुसरा मार्ग कोणता?
क्षयावरील बेडाक्विलिन हे औषधही चाळणीतूनच मिळाले, पण उलट क्रमाने. जॅन्सेनच्या संशोधकांनी क्षयजंतूच्या झपाट्याने वाढणाऱ्या भाऊबंदावर, म्हणजे जिवंत जिवाणूवरच रसायने तपासली. घाव कोणत्या प्रथिनावर बसतो, हे नंतर शोधले. अमेरिकेत २०१२ मध्ये मंजूर झालेले हे औषध २०१६ पासून भारतातील औषधरोधी क्षयाच्या रुग्णांनाही दिले जाऊ लागले. यंत्राचा वेग हवाच. पण खळग्यात प्रथिन ठेवायचे की जिवंत जिवाणू, हा निर्णय त्याहून मोठा ठरतो.