तिथी, भरती आणि विचार

बेंजामिन ली व्होर्फ यांचा लेखसंग्रह १९५६ साली प्रसिद्ध झाला, तेव्हापासून भाषाच विचाराला वळण लावते, हे मत विशेष वादाचा विषय झाले. जयगडचे उदाहरण त्या मताला मर्यादा घालते.

शास्त्री नदीच्या मुखावरील या बंदरात आणि घाटावरच्या गावात तिथींची नावे एकच आहेत. परंतु अष्टमी म्हटली की घाटावर बहुधा व्रतच आठवते; खाडीकाठी त्याबरोबर भांगाची भरती, म्हणजे पाण्याचा अल्प चढउतार, आठवतो. अमावास्या-पौर्णिमेस उधाण. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ स्थूलमानाने निघते : चतुर्थीस ३, अष्टमीस ६. भरती दररोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते, त्यावर हा हिशेब बसला आहे. तो व्याकरणाने शिकविलेला नाही. ओहोटीच्या गाळात रुतलेल्या होडीने शिकविला. शब्द तोच राहतो, आशय पालटतो, आणि पालटविणारी शक्ती भाषेबाहेरची, नित्य व्यवहाराची असते.

तथापि भाषेचा वाटा शून्य ठरत नाही. ‘भांग’ हा शब्द कानी पडलेले मूल पाण्यात उतरण्यापूर्वीच तो भेद जाणते. यंत्रनौका आणि छापील कोष्टके यांमुळे पाऊणपटीची गरज सरली, तर शब्दामागून हा विचारही टिकेल काय, हा प्रश्न जयगडसारख्या बंदरातच तपासता येईल.