मधली प्लेट

चेन्नईत एग्मोरजवळ पुदुपेट आहे. जुन्या गाड्या सुट्या करून त्यांचे भाग विकणारा हा बाजार. तिथल्या एका गॅरेजात मी तीन दिवस बसून एक काम पाहिलं: मॅटाडोर व्हॅनचं डिझेल इंजिन स्टँडर्ड २००० या मोटारीत बसवण्याचं.

मॅटाडोर आपल्या पुण्याची, बजाज टेम्पोची. मर्सिडीजच्या तंत्रावर बनलेलं तिचं २.४ लिटरचं डिझेल इंजिन दणकट. स्टँडर्ड २००० मात्र इथलीच, वंडलूरच्या कारखान्यातली, आणि तिची बॉडी ब्रिटिश रोव्हर एसडी१ची. १९७७ साली युरोपात वर्षाची सर्वोत्तम मोटार ठरलेल्या रोव्हरमध्ये साडेतीन लिटरचं, आठ सिलिंडरचं इंजिन होतं. १९८५ साली मद्रासमध्ये त्याच देखण्या बॉडीत स्टँडर्डच्याच व्हॅनगार्ड मोटारीच्या घराण्यातलं १९९१ सीसीचं, ८३ अश्वशक्तीचं जुनं इंजिन आलं. ते इंजिन कमअस्सल नव्हतं. याच घराण्याने फर्ग्युसनचा ट्रॅक्टर ओढला आणि ट्रायम्फ टीआर२ ही स्पोर्ट्स कारही पळवली. पण या जड गाडीत त्याचा दम निघाला. १९८८मध्ये उत्पादन थांबलं. एकूण काय, या गाडीतली इंजिनाची पहिली अदलाबदल कारखान्यानेच केली होती.

मी पाहिलेल्या गाडीचा मूळ ब्लॉक तडकला होता. साखळीच्या पुलीवर मॅटाडोरचं इंजिन लोंबकळत होतं. ते आता खाली उतरेल आणि बोल्ट आवळले जातील, असं मला वाटलं होतं. गॅरेजच्या मेस्त्रींनी नकारार्थी मान हलवली. मेस्त्री हा शब्द तमिळमध्येही आहे आणि आपल्या मिस्त्रीसारखाच पोर्तुगीजमधून आलेला. "इंजिन बसवायला एक दिवस पुरतो, सार," ते म्हणाले, "मधली प्लेट जुळवायला दोन लागतात."

मॅटाडोरची पुढची चाकं गाडी ओढतात, स्टँडर्डची मागची ढकलतात. त्यामुळे व्हॅनचा गिअरबॉक्स इथे चालत नाही, गाडीचा जुनाच ठेवावा लागतो. व्हॅनच्या इंजिनाची आणि या गिअरबॉक्सची बोल्टांची भोकं जुळत नाहीत, म्हणून मधे लेथवर कातलेली जाड पोलादी प्लेट येते. तिचा मध्य आणि इंजिनाच्या क्रँकचा मध्य एकाच रेषेत हवा. ती रेषा चुकली, तर गाडी चालेल, पण क्लच प्लेट, गिअरबॉक्सचा दांडा आणि बेअरिंग रोज थोडे थोडे मरत राहतील.

मेस्त्रींनी डायल गेज फ्लायव्हीलला लावला आणि त्याचं टोक प्लेटच्या आतल्या गोल कडेला टेकवलं. क्रँकच्या बोल्टला पाना लावून त्यांनी इंजिन हाताने, सावकाश, एक पूर्ण फेरा फिरवलं. काटा एका बाजूला ०.६० मिलिमीटर गेला. काट्याच्या हालचालीच्या निम्मी चूक, म्हणजे प्लेट ०.३० मिलिमीटर सरकलेली. त्यांनी तांब्याच्या हातोडीने प्लेटला हलका टोला दिला आणि पुन्हा फेरा घेतला. पुन्हा टोला, पुन्हा फेरा. दुपारभर गॅरेजात दुसरं काही घडलं नाही. उकाड्याने घाम गाळत पाहणाऱ्या मदतनीस पोराला त्यांनी एकदाही घाई करू दिली नाही. संध्याकाळी काटा ०.१०च्या आत आला, तेव्हाच त्यांनी प्लेटमध्ये भोकं पाडून पिना ठोकल्या. आता ती जागा कायमची.

बाकीच्या कामांची यादी मोठी आहे. ऑइल चेंबर क्रॉस मेंबरला टेकतं, तिथे ते कापून पुन्हा वेल्ड करायचं. डिझेलचे फेरे कमी, म्हणून मागच्या एक्सलच्या दातांचं प्रमाण बदलायचं, नाहीतर महामार्गावर इंजिन सतत ताणात राहतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे या बदलाला परवानगी हवी, आरसी बुकात नोंद हवी.

तिसऱ्या दिवशी गिअरबॉक्स आला. मेस्त्री आणि तो पोरगा जॅकवरून त्याला पुढे सरकवू लागले. दोन इंचांवर तो अडला. बोल्ट लावून ओढून घ्यायचा मोह होण्याची हीच वेळ. मेस्त्री म्हणाले, "ओढलं की मोडलं." त्यांनी मागचा दांडा बोटांनी किंचित फिरवला. क्लचचे आणि गिअरबॉक्सच्या दांड्याचे दाते एकमेकांत शिरले आणि गिअरबॉक्स एकही बोल्ट न आवळता प्लेटपर्यंत जाऊन टेकला.