इचलकरंजीची मीरा

मोलेहून अनमोडचा घाट चढताना जुन्या मोटारी हमखास तापत. आमच्या जोयडा तालुक्यातल्या जुन्या पिढीला ते चित्र पाठ आहे. वळणावर बाजूला घेतलेली गाडी, वर उचललेले बोनेट, रेडिएटरमधून फुसफुसणारी वाफ आणि हातात डबा घेऊन ओहोळाकडे निघालेला ड्रायव्हर. झाकणावर ओले फडके टाकून तो वाट पाहत बसे. घाई करून झाकण उघडले तर उकळते पाणी थेट अंगावर येई. इंजिन पेट्रोल जाळते, पण त्यातली फार थोडी शक्ती चाकांपर्यंत पोहोचते. उरलेल्या उष्णतेची वाट लावता आली, तरच गाडी घाट चढते. मोटार बनवू पाहणाऱ्या प्रत्येकाला या उष्णतेशी झुंजावे लागले आहे. त्यांपैकी एकाने ही झुंज आमच्यापासून फार दूर नसलेल्या इचलकरंजीत दिली. त्याची ही हकिकत.

साल 1945. महायुद्ध संपत आले होते. पेट्रोल रेशनवर मिळे आणि कित्येक बसगाड्या कोळशाच्या गॅसवर धावत. कोल्हापूर संस्थानातले इचलकरंजी तेव्हा घोरपड्यांच्या जहागिरीचे गाव होते. 1904 मध्ये विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून गावाचा कान यंत्राला सरावला होता. मागाची खटखट थोडी बदलली की कुठला दांडा सैल झाला, हे न बघता सांगणारी माणसे गल्लोगल्ली होती. याच गावात शंकरराव कुलकर्णी नावाच्या गृहस्थांनी ठरवले की आपण मोटार बनवायची. त्यांचे शालेय शिक्षण जेमतेम सातवीपर्यंत झाले होते.

या निश्चयाचे धाडस समजून घ्यायचे, तर तेव्हाचा देश डोळ्यांसमोर आणायला हवा. संपूर्ण मोटार भारतात कुठेच बनत नव्हती. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्स 1928 पासून गाड्या जोडत असे, पण त्यांचे भाग परदेशातून पेट्यांत बंद होऊन येत. हिंदुस्थान मोटर्सची स्थापना 1942 ची. वालचंद हिराचंद यांनी वर्षानुवर्षे सरकारचे उंबरे झिजवले, तेव्हा कुठे 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहिली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडायला 1947 उजाडले. या दोन्ही कंपन्यांच्या पाठीशी मोठे भांडवल होते आणि परदेशी कंपन्यांचे तयार आराखडे होते. इचलकरंजीत यातले काहीच नव्हते. होती ती हाताची अक्कल आणि आसपासच्या ओतकामाच्या भट्ट्या.

हाताने मोटार बनवणे म्हणजे नेमके काय, हे एकदा जवळून पाहावे. सिलिंडर ओतायचा तर आधी लाकडी नमुना करायचा, वाळूत साचा दाबायचा आणि त्यात रस ओतायचा. साचा उघडल्यावर आत हवेचा एक बुडबुडा राहिलेला दिसला, की आठवड्याची मेहनत पुन्हा भट्टीत. ओतीव नीट आलेच, तर ते लेथवर चढवून आतून घासायचे. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातले अंतर केसाएवढे जास्त झाले तर इंजिन धूर ओकते आणि केसाएवढे कमी झाले तर तापून जाम बसते. गिअरचा एक दात चुकला, तरी अख्खे चाक वाया जाते. अंगाचा पत्रा लाकडी ठोकळ्यावर हातोडीने ठोकून ठोकून वळवावा लागतो. एवढे सगळे जुळले, तरी गाडी चालेलच याची हमी कुणी देत नाही.

अशा खटपटीची चार वर्षे गेली. 1 मार्च 1949 रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याच वर्षी इचलकरंजीच्या रस्त्यावर एक इवलीशी मोटार धावली. शंकररावांची ही पहिली गाडी दोन माणसांची होती. जन्मभर माग चालवणाऱ्या गावात, गावातच घडवलेली मोटार स्वतःच्या इंजिनावर धावली, त्या क्षणाचे मोल आज शब्दांत पकडणे कठीण आहे. दुसरा एखादा तिथेच थांबला असता. गाडीला हार घालून, फोटो काढून, उरलेले आयुष्य त्या आठवणीवर काढले असते.

शंकरराव थांबले नाहीत. त्यांना हवी होती मध्यम परिस्थितीच्या संसाराला परवडणारी आणि पुरणारी मोटार. दोन माणसांच्या गाडीत नवरा-बायको बसली, तर पोरांनी कुठे बसायचे? म्हणून नवा नमुना, मग त्याच्यातले दोष काढण्यासाठी आणखी नवा. 1950 आणि 1960 ची दशके अशा नमुन्यांत गेली. माझ्या मते या माणसाचे खरे सामर्थ्य इथे दिसते. आपण रक्त आटवून उभ्या केलेल्या वस्तूकडे परक्याच्या नजरेने पाहायचे, तिचे उणे मान्य करायचे आणि कोऱ्या कागदावर पहिली रेघ पुन्हा ओढायची, हे एकदा जमणेही अवघड असते.

इकडे देशातले वारे बदलत होते. 1951 च्या कायद्याने उद्योगांवर परवान्यांचा अंमल आला. 1953 मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशींवरून सरकारने धोरण ठरवले की नुसत्या गाड्या जोडणाऱ्यांना इथे जागा नाही. जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. बाजारात मोजक्या कंपन्या उरल्या. गिऱ्हाईक पैसे भरून वर्षानुवर्षे नंबर लागण्याची वाट पाहू लागले. सामान्यांसाठी स्वस्त छोटी मोटार हवी, ही चर्चा दिल्लीत सुरू झाली आणि त्यासाठी समित्या बसल्या. अहवाल येत राहिले, मोटार येईना.

जगातही छोट्या मोटारींचे युग उगवले होते. इटलीत 1957 मध्ये फियाट 500 आली. इंग्लंडमध्ये 1959 मध्ये अॅलेक इसिगोनिस यांची मिनी आली. मिनीच्या चाकांना पोलादी पाटे नव्हते. खड्ड्यांचे हादरे पेलायला रबराचे शंकू बसवलेले होते. ती कल्पना अॅलेक्स मोल्टन यांची. इसिगोनिस आणि मोल्टन हे शिकलेले अभियंते आणि त्यांच्या मागे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनसारखी बलाढ्य कंपनी. इचलकरंजीच्या कार्यशाळेत शंकररावांनीही हादरे पेलायला रबरच योजले आणि प्रत्येक चाकाला स्वतंत्र हालचाल दिली. पाट्यांना वंगण लागते, ते करकरतात, मोडतात. रबराचे वजन कमी, झीज कमी आणि देखभाल जवळजवळ नाहीच. गाडी स्वस्त ठेवायची तर तिच्यात मोडण्याजोग्या वस्तू कमी असाव्यात, हे त्यांचे सूत्र होते.

त्याच सूत्राने इंजिन मागे गेले. इंजिन पुढे आणि ओढणारी चाके मागे असली, की मधून लांब शाफ्ट न्यावा लागतो. त्याने वजन वाढते, खर्च वाढतो आणि पायांशी उंचवटा येतो. इंजिन मागच्या चाकांपाशीच ठेवले की हा सगळा पसारा वाचतो. शंकररावांचे इंजिन दोन सिलिंडरांचे होते, इंग्रजी व्हीसारखे फाकलेले. अशा मांडणीत इंजिनाची लांबी फार कमी होते आणि छोट्या गाडीच्या शेपटीत ते सहज मावते. त्याला थंड करायचे काम वाऱ्यावर सोपवले होते. रेडिएटर नाही, नळ्या नाहीत, पाणी भरण्याची कटकट नाही.

1970 च्या सुमारास या मांडणीची गाडी उभी राहिली. तिचे नाव मीरा.

आणि इथे उष्णता हा जुना वैरी पुन्हा आडवा आला. पुढे असलेल्या इंजिनावर धावत्या गाडीचा वारा आपसूक आदळतो. मागे ठेवलेल्या इंजिनाला तो चोरून आणावा लागतो. युरोपातल्या थंड हवेत हे चालून जाते. फोक्सवॅगनची बीटल आणि फियाट 500 त्यावरच जगल्या. पण एप्रिल-मे महिन्यात तापलेल्या डांबरावर, चार माणसे भरून, खालच्या गिअरमध्ये चढ चढायचा, तर वारा कमी आणि कष्ट जास्त. इंजिन धापा टाकते आणि इतक्या वर्षांच्या मेहनतीने घडवलेले धातूचे भाग तापून आपल्या मापातून हलू लागतात.

साध्या मिस्त्रीने पंखा थोडा मोठा केला असता, पत्र्याला आणखी दोन झरोके पाडले असते. शंकररावांनी दुखण्याच्या मुळाशी हात घातला. नुसता वारा वाढवून भागणार नव्हते. उष्णता इंजिनातून उचलून दुसरीकडे नेऊन सोडायला वाहक हवा होता आणि पाण्यासारखा वाहक नाही. हा निर्णय वाचायला एका ओळीचा, करायला डोंगराएवढा. पाणी खेळवायचे तर सिलिंडरांभोवती पोकळ भिंती हव्यात, म्हणजे नमुने नवे, साचे नवे, ओतीव नवे. रेडिएटरला जागा शोधायची, वजनाचा तोल पुन्हा साधायचा. ज्या साधेपणासाठी वाऱ्याची निवड केली होती, त्यातला थोडा सोडून द्यायचा. पंचवीस वर्षांच्या खटाटोपानंतर, उतारवयाकडे झुकताना, हा माणूस पुन्हा पहिल्या पायरीवर जाऊन उभा राहिला.

1975 मध्ये पाण्याने थंड होणारी मीरा तयार झाली. चार माणसे बसत, चार गिअर होते आणि एका लिटरला वीस किलोमीटरच्या आसपास धाव होती. 1973 च्या तेलसंकटाने पेट्रोलचे भाव भडकले होते, त्यामुळे हा आकडा कुणाच्याही कानात भरण्यासारखा होता. त्याहून मोठा आकडा किमतीचा. अंदाजे 12,000 रुपये. तेव्हा बाजारात असलेल्या फियाट आणि अँबॅसेडर या गाड्यांपेक्षा कितीतरी कमी! मीरा मुंबईलाही नेण्यात आली. इचलकरंजीहून मुंबई म्हणजे वाटेत खंबाटकी, कात्रज आणि बोरघाट. इंजिनाच्या थंडाव्याची याहून कडक परीक्षा दुसरी नाही.

यंत्राचे कोडे सुटले होते. उरले होते कारखान्याचे. जयसिंगपूरला कारखाना काढण्याची योजना आखली गेली. पण मोटार बनवायला सरकारी परवाना लागे, करांत सवलत मिळाल्याखेरीज 12,000 ची किंमत टिकणारी नव्हती आणि हजारो गाड्या काढायच्या तर भांडवल कोटींत लागे. साचा फुटला तर दुसरा करता येतो, पिस्टन जाम झाला तर खोलून घासता येतो. फायलीला हातोडी चालत नाही. वर्षे सरत गेली.

छोट्या मोटारीचे स्वप्न दिल्लीतही पाहिले जात होते. 1970 मध्ये संजय गांधी यांना इरादापत्र मिळाले, 1971 मध्ये मारुती लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. गुडगावला विस्तीर्ण जमीन मिळाली, तरी गाड्यांचे उत्पादन कधी मार्गी लागले नाही आणि 1970 चे दशक संपायच्या आत कंपनी मोडीत निघाली. 1981 मध्ये सरकारने मारुती उद्योगाची स्थापना केली, ऑक्टोबर 1982 मध्ये जपानच्या सुझुकीशी करार झाला आणि 14 डिसेंबर 1983 रोजी पहिल्या मारुती 800 ची किल्ली इंदिरा गांधींनी हरपाल सिंग यांच्या हाती दिली. सुझुकीच्या मागे जगभरचा अनुभव होता आणि सरकार स्वतः भागीदार होते. मीराच्या कारखान्याची आशा तिथे संपली. शंकररावांनी जी गाडी मनात धरली होती, ती छोटी, चार माणसांची, कमी पेट्रोल पिणारी गाडी अखेर देशाला मिळाली. तिच्यावर नाव दुसऱ्याचे होते.

या कहाणीला अपयशाची कहाणी म्हणायला माझे मन तयार नाही. गाडी बनवायची असे एका माणसाने ठरवले आणि त्याने ती बनवली. रस्त्यावर धावेल अशी, घाट चढेल अशी, आणि एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा बनवली. तो शोध पूर्ण झालेला होता.

आज मीरा रस्त्यावर दिसत नाही. इचलकरंजी, जयसिंगपूर, कोल्हापूर, निपाणी, बेळगाव या पट्ट्यातल्या जुन्या घरांत अजून लाकडी कपाटे आहेत, त्यांत काळ्या कागदाचे अल्बम आहेत. त्यांतल्या एखाद्या फोटोत, लग्नाच्या मांडवाबाहेर किंवा कार्यशाळेच्या दारात, बुटकी, अनोळखी, मागे इंजिन असलेली मोटार उभी दिसली, तर तो फोटो रद्दीत जाऊ देऊ नका. मागच्या बाजूला साल आणि गावाचे नाव लिहून ठेवा.