दप्तर किती जड असावं?

केंद्राच्या 2020 च्या दप्तर धोरणानुसार दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांहून जास्त नसावं.

• बालवाडी : दप्तरच नको
• पहिली-दुसरी : 1.6 ते 2.2 किलो
• तिसरी ते पाचवी : 1.7 ते 2.5 किलो
• सहावी-सातवी : 2 ते 3 किलो
• गृहपाठ : दुसरीपर्यंत नाही, तिसरी ते पाचवी आठवड्याला जास्तीत जास्त 2 तास

लिटरभर पाण्याची बाटलीच 1 किलोची होते. म्हणून रोज रात्री वेळापत्रक समोर ठेवून मुलांसोबत दप्तर भरा. कालची चित्रकलेची वही, तळाशी राहिलेला डबा बाहेर काढा. जड पुस्तकं पाठीलगत ठेवा, दोन्ही पट्टे खांद्यांवर घ्यायला शिकवा. आठवड्यातून एकदा दप्तराचं वजन नक्की करून पाहा.