चौदाव्या फ्रेमला हशा

२४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीच्या खिंडीत प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले. सात जण पडले ते पडलेच. आम्ही पोरं तीच लढाई दर सुट्टीत खेळायचो आणि आमचे सातही जण जेवणवेळेला हात धुऊन ताटावर हजर असायचे. घोडा म्हणजे सायकलचा जुना टायर. तलवार म्हणजे ऊस, त्यामुळं लढाई संपली की ती सोलून खायची. बहलोलखान व्हायला कुणीच तयार नसायचं, म्हणून त्याचं राज्य पाळीपाळीनं. नियम एकच होता. मेलेल्यानं आडवं पडून वीसपर्यंत आकडे म्हणायचे, मगच उठायचं. निम्मी भांडणं त्यावरूनच व्हायची, कारण मेलेली पोरं आकडे गाळतात. सगळ्यांत बारका जो असेल तो कच्चं लिंबू. त्याच्यावर कितीही वार झाले तरी तो मरत नसे.

हे सगळं मला आठवलं ते गेल्या दिवाळीत, टीव्हीपुढं. आजोळी आलेला आठ वर्षांचा भाचा पोटावर पडून कार्टून बघत होता. मांजराच्या डोक्यात इस्त्री पडली. भाचा खदखदून हसला. पुढच्याच क्षणी मांजर इस्त्रीच्या आकाराचं तोंड घेऊन चालायला लागलं, तेव्हा तर तो उताणाच झाला. आतून आईचा आवाज आला, "काय बघतोस रं, नुसती मारामारी!" भाचा म्हणाला, "आज्जी, मारामारी न्हाई गं, गंमत हाय." आज्जीला ते पटलं नाही. मला मात्र त्या पोरानं एका वाक्यात कोडं घातलं. इस्त्री डोक्यात पडणं ही गंमत कशी? आणि ती गंमत आहे हे आठ वर्षांच्या पोराला कळतं कुठून?

आम्ही दोघांनी एक उद्योग केला. तोच प्रसंग मोबाइलवर लावला आणि जागोजागी थांबवून बघितला. पळता पळता थांबलेल्या चित्रात मांजराला सहा पाय होते. दुसऱ्या एका ठिकाणी त्याचं अंग पापडाच्या लाटीसारखं आडवं ताणलेलं, डोळे एका टोकाला आणि शेपूट दुसऱ्या. सुटं बघितलं तर हे चित्र भेसूरच. पण ते पडद्यावर असतं सेकंदाचा चोविसावा भाग. डोळ्याला ते वेगळं दिसत नाही, फक्त वेग जाणवतो. भाचा म्हणाला, "मामा, हे खोटं काढलंय म्हणून खरं वाटतंय." यापेक्षा नीट मला सांगता आलं नसतं.

सिनेमाच्या एका सेकंदात २४ फ्रेम असतात. या मापानं विनोद मोजणारा एक माणूस अमेरिकेत होऊन गेला, चक जोन्स. लांब पायांचा रोड रनर पक्षी आणि त्याच्या मागं लागून दर वेळी तोंडावर आपटणारा कोल्ह्याच्या जातीचा कायोटी ही जोडी त्यांनी १९४९ साली पडद्यावर आणली. कायोटी कड्यावरून पुढं जातो, हवेत उभा राहतो, खाली बघतो आणि मगच पडतो. तो लहान लहान होत दरीत दिसेनासा व्हायला १८ फ्रेम लागायच्या. त्यानंतर काहीच नाही. शांत दरी. आणि बरोबर १४ फ्रेमनंतर तळाशी धुळीचा इवलासा फुगा. जोन्स यांनी लिहून ठेवलंय की १३ फ्रेमला लोक हसत नाहीत, १५ लाही हसत नाहीत, १४ ला हसतात. १४ फ्रेम म्हणजे अर्ध्या सेकंदाहून जरासा जास्त वेळ. एका फ्रेमच्या फरकानं हशा हुकतो हे वाचलं तेव्हा मला आमच्याकडच्या तमाशातला ढोलकीवाला आठवला. सोंगाड्याच्या पाठीत फटका बसतो त्याच क्षणाला ढोलकीवर थाप पडावी लागते. जरा उशीर झाला तर नुसताच फटका उरतो.

स्लॅपस्टिक या शब्दाचा जन्मही अशाच थापेतून झालाय. इटलीत गावोगाव फिरणाऱ्या नाटकमंडळ्यांतल्या विदूषकाच्या हातात दोन पातळ फळ्या जोडलेलं एक दांडकं असायचं. मारलं की दोन्ही फळ्या एकमेकींवर आपटून मोठा फट्ट आवाज व्हायचा, पण लागायचं अगदी थोडं. आवाज मोठा, इजा नाही. या विनोदाचं सगळं मर्म त्या दांडक्यात आहे. टॉम अँड जेरीतली टॉमची ती प्रसिद्ध किंकाळी आठवा. ती दिली होती खुद्द विल्यम हॅना यांनी, म्हणजे जोसेफ बार्बेरांच्या जोडीनं १९४० पासून ही कार्टून बनवणाऱ्या माणसानं. बिचाऱ्या मांजराला मार द्यायचा आणि ओरडायचंही आपणच!

आता आणखी खाली उतरून बघू. वस्तू आधाराशिवाय हवेत राहत नाही, हे माणसाला केव्हा कळतं? रने बायार्जाँ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी बाळांना फळीच्या कडेवर सरकवलेला खोका दाखवला. खोका जवळजवळ सगळा कडेबाहेर गेला तरी पडत नाही असं दिसलं की साडेसहा महिन्यांची बाळं त्याच्याकडं जास्त वेळ टक लावून बघतात. बोलता यायच्या कितीतरी आधी त्यांना कळतं की इथं काहीतरी गडबड आहे. म्हणजे कायोटी हवेत उभा राहतो तेव्हा पोराच्या डोक्यातला एक फार जुना नियम मोडतो, आणि तो पडतो तेव्हा नियम परत जागेवर बसतो. मधल्या त्या अर्ध्या सेकंदात हसू दाटून येतं.

पण नियम मोडला की माणूस हसेलच असं नाही, घाबरेलही. हसायचं की घाबरायचं हे ठरतं कुठं? याचं उत्तर मला आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांनी दाखवलं. दोन पिलं भांडायच्या बेतात दिसतात. एक पुढचे पाय जमिनीला टेकवतं, मागचा भाग वर उचलतं आणि शेपूट हलवतं. मग दोघं एकमेकांची मानगूट धरतात, गुरगुरतात, लोळतात, रक्ताचा थेंब नाही. ते वाकणं म्हणजे आगाऊ सूचना असते. इथून पुढं जे चावणार ते खोटंखोटं. मोठं कुत्रं तर कधी कधी आपण होऊन उताणं पडतं आणि बारक्याला जिंकू देतं. ग्रेगरी बेटसन या अभ्यासकानं १९५२ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या प्राणिसंग्रहालयात माकडांची पिल्लं अशीच खेळताना बघितली. मारल्यासारखं करायचं, पण हे मारणं नव्हे हेही त्याच वेळी सांगायचं, ही केवढी मोठी बुद्धी आहे, या विचारानं ते थक्क झाले. त्यावर १९५५ साली त्यांनी लिहिलेला निबंध आजही अभ्यासला जातो. आमच्या खिंडीतल्या लढाईत हे सगळं एका शब्दात व्हायचं, 'खोटंखोटं'. आणि कुणाला खरंच लागलं तर 'टॅम्प्लीज'. त्या एका शब्दानं बहलोलखानाची अख्खी फौज थांबायची.

कार्टूनला खोटंखोटं म्हणून सांगावं लागतं चित्रातून. जपानी कार्टूनमधल्या शिनचॅन या आगाऊ पोराच्या डोक्यात आईची मूठ बसते तेव्हा मूठ बसताना फारशी दिसतच नाही. दिसतं ते टेंगूळ. लालबुंद, गोल, वाटीएवढं, आणि आई जास्त चिडली असेल तर त्याच्यावर दुसरं टेंगूळ, देवळाच्या कळसासारखं. पुढच्या प्रसंगात दोन्ही गायब. टेंगूळ म्हणजे त्या कार्टूनचं शेपूट हलवणंच. ही खूण सगळ्यांना पटते असंही नाही. आपल्याकडं २००६ साली हिंदीतून आलेलं शिनचॅन पालकांच्या तक्रारींनंतर २००८ मध्ये बंद झालं आणि कापाकापी होऊन परत आलं. लोकांचा राग होता तो टेंगळापेक्षा त्या पोराच्या आगाऊ तोंडावर आणि अंगावरचे कपडे उतरवण्याच्या सवयीवर, आणि तो अगदीच चुकीचा होता असं मला वाटत नाही. पोरं हिंदी मात्र फर्डं शिकली. आमचा भाचा आईशी भांडताना अचानक हिंदीत शिरतो, तेव्हा समजायचं की आता आपण शिनचॅनच्या कासुकाबे गावात आहोत.

आमची खिंडीतली लढाई सात मित्रांची होती. कार्टूनच्या या मारामारीत मित्र कुठं आले? मला जी गोष्ट सांगायची आहे ती इथंच आहे. थिएटरसाठी बनणाऱ्या या जुन्या मारामारीच्या कार्टूनमध्ये मित्र फारसे नव्हते. मांजर आणि उंदीर, कायोटी आणि पक्षी, सगळे वैरी. टॉम अँड जेरी काढणाऱ्या एमजीएम कंपनीनं १९५७ साली कार्टूनचा कारखाना बंद केला आणि हॅना-बार्बेरा टीव्हीकडं वळले. टीव्हीकडं पैसा थोडा, वेळ त्याहून थोडा. मग चित्रं कमी काढायची. जपानमध्ये ओसामु तेझुका यांनी १९६३ साली दर आठवड्याला 'ॲस्ट्रो बॉय' दाखवायला सुरुवात केली, तेव्हा एकच चित्र तीन फ्रेम ठेवायची रीत रुळली. सेकंदाला २४ ऐवजी आठच चित्रं. एवढ्या चित्रांत पापडासारखं ताणलेलं मांजर परवडत नाही. पडणारा चौकटीबाहेर जातो, आवाज येतो, पडदा हादरतो. मग दाखवायचं काय? बघणाऱ्यांची तोंडं! चार मित्र, वासलेले जबडे, कपाळावर घामाचा एक टपोरा थेंब. ते चित्र दोन सेकंद तसंच ठेवलं तरी चालतं. पैशाच्या टंचाईनंच कार्टूनमध्ये मित्रांची टोळी आणली, असा माझा कयास आहे. पुराव्यानं शाबीत नाही करता यायचं, पण एकदा हे डोक्यात आलं की दर भागात तेच दिसायला लागतं.

जपानी लोकांनी तर पुढची पायरी गाठली. एखादा मूर्खासारखं बोलतो आणि ते ऐकून बाकीचे सगळे धाडकन आडवे, पाय वर. ओसाकाच्या विनोदी रंगमंचावरही ही पद्धत आहे. विनोद एकानं करायचा आणि पडायचं मित्रांनी! शिनचॅनच्या पाच जणांच्या टोळीत नेने नावाची पोरगी आहे, तिच्या भातुकलीला बाकीचे चौघे थरथर कापतात. तिच्या भातुकलीत नवऱ्याची नोकरी जाते, सासू टोमणे मारते, घटस्फोटापर्यंत प्रकरण जातं. पळून जायचे बेत करत चौघेही दर वेळी येऊन बसतात. आमच्याकडं बहलोलखान व्हायलाही कुणीतरी असंच कुरकुरत यायचं.

आणि मग डोरेमॉन. नोबिता रडका, ढ, चेंडू टाकला तर तोंडावर घेणारा. जियान त्याला रोज बडवतो आणि दुसऱ्या दिवशी सिमेंटचे तीन पाइप पडलेल्या त्याच मैदानात सगळे परत जमतात. डोरेमॉन हा निळा रोबो मांजर नोबिताच्या मदतीला येतो तो २२व्या शतकातून. त्याची उंची १२९.३ सेंटिमीटर. वजन १२९.३ किलो. छातीचा घेर १२९.३ सेंटिमीटर. उंदीर बघून घाबरला की पळायचा वेग ताशी १२९.३ किलोमीटर. एकच आकडा सगळीकडं, हा सरळ सरळ चावटपणा. पण उंचीचा आकडा कुठून आला बघा. १९६९ च्या सुमाराला जपानमधल्या चौथीच्या पोरांची सरासरी उंची तेवढी होती. डोरेमॉन नोबिताकडं वरून खाली बघणारा नको, असं त्यामागचं कारण. वजन चार-पाच पोरांएवढं ठेवलं, पण डोळे मित्राच्या डोळ्यांच्या रेषेत.

हे सुचलेला माणूस हिरोशी फुजिमोतो. बारीक, लाजरा पोरगा. १९४४ साली ताकाओका गावच्या त्याच्या प्राथमिक शाळेत एक नवा मुलगा आला, मोतो आबिको. वडील वारल्यामुळं त्याचं घर त्या गावी आलं होतं. दोघंही वहीत चित्रं काढायचे. तिथून मैत्री जमली ती अशी की दोघांनी मिळून एकच टोपणनाव घेतलं, फुजिको फुजिओ. तोक्योला गेल्यावर तोकिवा-सो नावाच्या लाकडी चाळवजा इमारतीत राहिले, तेही तेझुकांनी सोडलेल्या खोलीत. १९८७ पर्यंत, म्हणजे तीसेक वर्षं, एका नावाखाली दोघांची कामं छापली गेली. कुठलं कुणाचं हे वाचकांना कळायचं नाही. डोरेमॉन फुजिमोतोंचा. ते १९९६ मध्ये गेले, आबिको २०२२ मध्ये. तीन पाइपांच्या मैदानाला शाळेतल्या त्या मधल्या सुट्टीचा वास आहे, असं मला हे वाचल्यापासून वाटत आलंय.

आपल्याकडं काय होतं म्हणाल, तर सुरुवात झकास होती. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ सालीच काड्यापेटीतल्या काड्या पडद्यावर नाचवून 'आगकाड्यांची मौज' केली. कोल्हापुरात जन्मलेल्या प्रभात कंपनीनं पुण्याला गेल्यावर १९३४ साली 'जंबूकाका' हे कार्टून काढलं. मग मराठीत हा धागा जवळजवळ तुटलाच. टीव्हीवरची देशी टोळी जमली ती २००८ साली, हैदराबादच्या राजीव चिलका यांच्या 'छोटा भीम'मध्ये. तिथला कालिया दर भागात खोडी काढतो, दर भागात तोंडघशी पडतो आणि लाडू वाटायला लागले की भीमाच्या शेजारी येऊन बसतो.

दिवाळी संपत आली तशी भाच्याला मी आमच्या खिंडीतल्या लढाईची गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी गल्लीतली पोरं गोळा झाली. ऊस आणला. टायर मिळाले नाहीत, मग घोडे नुसतेच तोंडानं. मेल्यावर वीस म्हणायचे हा नियम मी आवर्जून सांगितला. भाच्यानं तो बदलला. "वीस लई होत्यात मामा. चौदा म्हणायचे." बहलोलखान कोण, यावर पाऊण तास भांडण झालं आणि लढाई पाच मिनिटांत उरकली.

कच्चं लिंबू होती शेजारच्यांची चार वर्षांची पोरगी. तिच्यावर तीनदा वार झाले, ती उभीच. शेवटी तिनं हातातला ऊस टाकला, फ्रॉक नीट केला आणि स्वतःच मातीत आडवी झाली. "मला पण मरायचंय," म्हणाली. तिला चौदापर्यंत आकडे येत नव्हते. चारपर्यंत म्हणायची आणि परत एकपासून सुरू करायची. बाकीचे सहा मेलेले आपापले आकडे विसरून उठून बसले आणि तिच्याभोवती गोल करून पुढचे आकडे सांगायला लागले.